सारखं चालू-बंद केल्यानं वस्तू बिघडते का?

वाचक विचारतात : वीज, घरातली आणि शेतातली

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच शंकेभोवती फिरणारी आहेत, म्हणून यावेळी तोच विषय घेतला आहे. नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या मुलामुलींना शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, आणि इचलकरंजीत आमचं घरचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली वस्तू उघडून ती नेमकी कशानं जळाली हे बघणं हा माझा आवडीचा उद्योग. उत्तरं त्या अनुभवातून दिलेली आहेत.

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या घरी रोज एकाच गोष्टीवरून वाद होतो. सासूबाई प्रत्येकाच्या मागे फिरून दिवे-पंखे बंद करतात. सासऱ्यांचं म्हणणं, सारखी बटणं दाबली की वस्तू लवकर जाते आणि वाचलेल्या बिलापेक्षा दुरुस्तीलाच जास्त पैसे लागतात. त्यातच मागच्या महिन्यात फ्रिज बिघडला. सासूबाई तो रात्री बंद करून सकाळी लावत होत्या, आणि त्या आठवड्यात लाइटही सारखी ये-जा करत होती. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर गेला. आता सासरे म्हणतात, ‘बघा, मी सांगत होतो.’ खरं कोणाचं?
– एक वाचक, कराड

उत्तर : दिव्या-पंख्यांच्या बाबतीत सासूबाई बरोबर आहेत. फ्रिजच्या बाबतीत सासऱ्यांची भीती खरी आहे, पण दोष रात्री बंद करण्याला देऊ नका. वस्तू किती वेळा बंद केली यापेक्षा, बंद झाल्यावर किती वेळानं परत चालू झाली हे आधी बघायचं असतं. काही वस्तूंना मधे थोडी उसंत लागते. ती मिळाली नाही की नुकसान होतं.

पंख्याचं लगेच सांगून टाकते. छताच्या पंख्याच्या मोटारीत बारीक तारेचे भरपूर वेढे असतात, त्यामुळे सुरू होतानाही तिच्यातून फार जास्त प्रवाह जात नाही. पंखा बिघडतो तो कॅपॅसिटर कमजोर झाल्यानं किंवा बेअरिंग वाजायला लागल्यानं. बटण दाबल्यानं पंखा गेला असं मी कधी पाहिलेलं नाही. उलट 75 वॅटचा पंखा रिकाम्या खोलीत रोज चार तास फिरत राहिला, तर महिन्याला 9 युनिटं वाया जातात. सासूबाईंना खुशाल बंद करू द्या.

दिव्यांचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण सासऱ्यांच्या समजुतीचं मूळ तिथे आहे. जुना पिवळा बल्ब आठवा. 60 वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्यातून साधारण पाव अँपिअर प्रवाह वाहतो. पण त्यातली तार टंगस्टनची, आणि थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतकाच असतो. म्हणून बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी त्याच तारेतून तीन-साडेतीन अँपिअर धावतात. तार जिथे झिजून बारीक झालेली असते, ती जागा बाकीच्या तारेच्या आधी तापते आणि तिथेच तुटते. आपल्याला दिसतं ते एवढंच की बटण दाबलं आणि बल्ब गेला. प्रत्यक्षात टंगस्टनची वाफ होऊन ती तार आधीच संपत आलेली असते. बटणानं फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो.

ट्यूबलाइटच्या बाबतीत तर सासऱ्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ट्यूबच्या दोन्ही टोकांना ज्या तारा असतात, त्यांच्यावर बेरियमच्या संयुगांचा लेप असतो. ट्यूब पेटताना दर वेळी त्यातला थोडा लेप उडतो आणि काचेच्या टोकांना काळं धरतं. चोक-स्टार्टरची ट्यूब पाच-सहा वेळा फडफडून लागत असे, तेव्हा प्रत्येक फडफडीला लेप उडत असे. लेप संपला की ट्यूब संपली. सीएफएलचंही तेच. म्हणून दहा-पंधरा मिनिटांत परत त्या खोलीत यायचं असेल तर ट्यूब चालू राहू द्यावी, असं आम्ही शिकवत होतो. मात्र याच्याच जोडीनं पसरलेली दुसरी समजूत, की ट्यूब पेटताना तासाभराची वीज खाते, ती साफ चुकीची. पेटताना जास्त लागणारी वीज काही सेकंदांच्या जळण्याइतकीच असते.

आता घरोघरी एलईडी आले आणि हा हिशेबच संपला. एलईडीला ना तापणारी तार, ना उडणारा लेप. दिवसातून पन्नास वेळा बटण दाबा, त्या चिपला काही होत नाही. एलईडी बल्ब मरतो तो बुडाशी असलेल्या छोट्या सर्किटमुळे. त्यातला कॅपॅसिटर उष्णतेनं सुकतो. बंद काचेच्या हंडीत 9 वॅटचा एलईडी घालून तो रात्रभर जाळणं त्याला जास्त घातक आहे. म्हणजे एलईडी विनाकारण चालू ठेवला की त्याचं आयुष्य कमीच होतं. सासऱ्यांना हे जरूर सांगा.

त्यांना हेही सांगा की त्यांची समजूत वेडगळ नाही. ती व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळातली आहे. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधी वापरत ती काचेची नळी. व्हॉल्व्हमध्येही तापणारी तार असते, आणि व्हॉल्व्ह बहुधा चालू-बंद करतानाच जातो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क इथे जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडण्यासाठी कोलोसस हे यंत्र आणलं गेलं. 1944 च्या सुरुवातीला ते तिथे चालू झालं. ते बांधणारे टॉमी फ्लॉवर्स ब्रिटिश टपाल खात्याचे इंजिनिअर. त्यांनी दीड हजारांहून जास्त व्हॉल्व्ह वापरायचं ठरवलं, तेव्हा इतक्या व्हॉल्व्हचं यंत्र टिकणारच नाही असं अनेकांचं मत होतं. फ्लॉवर्सना टेलिफोन एक्स्चेंजच्या कामावरून ठाऊक होतं, की व्हॉल्व्ह एकदा लावून तसेच चालू ठेवले तर ते क्वचितच जातात. त्यांनी तसंच केलं आणि यंत्र चाललं. 1946 मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या एनिॲक या कॉम्प्युटरमध्ये तर सुमारे 18 हजार व्हॉल्व्ह होते, आणि तेही याच कारणासाठी शक्यतो बंद करत नसत. म्हणजे तुमच्या सासऱ्यांचा नियम मोठमोठ्या इंजिनिअरांनी पाळलेला आहे. फक्त ज्या वस्तूसाठी तो होता, ती वस्तू आता घरात नाही.

फ्रिजकडे वळते. फ्रिज चालू असताना कॉम्प्रेसरच्या एका बाजूला भरपूर दाबाचा गॅस असतो आणि दुसऱ्या बाजूला कमी दाबाचा. दोन्हींच्या मधे कॅपिलरी म्हणून तांब्याची फार बारीक नळी असते. लाइट गेली की गॅस त्या नळीतून हळूहळू सरकतो आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. याला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधीच लाइट परत आली, तर कॉम्प्रेसरच्या मोटारीला त्या दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं, आणि घरगुती फ्रिजच्या मोटारीत तेवढा जोर नसतो. ती फिरत नाही, नुसती गुणगुणते. अडकलेली मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते आणि तिचं वाइंडिंग सेकंदागणिक तापत जातं. मग ओव्हरलोड प्रोटेक्टर तापून ‘टक्’ आवाज करत वीज तोडतो. तो गार झाला की परत जोडतो. परत गुणगुण, परत टक्. लाइट सारखी ये-जा करत असताना फ्रिजमागून हा आवाज येत असेल तर उठून बटण बंद करा, तेवढ्यानं कॉम्प्रेसर वाचू शकतो.

सासूबाई रात्री बंद करून सकाळी लावत होत्या, त्यात मधे सहा-सात तास जात होते. दाब केव्हाच सारखा झालेला असणार. त्यानं कॉम्प्रेसर जात नाही. घात केला असेल तर त्या आठवड्यातल्या लाइटच्या ये-जा करण्यानं. तरीही रात्री फ्रिज बंद करू नये, असंच मी सांगेन. थर्मोस्टॅट तो मधूनमधून स्वतःच बंद करत असतो. रात्रभर आत शिरलेली उष्णता सकाळी कॉम्प्रेसरलाच बाहेर काढावी लागते, त्यामुळे बचत अगदी थोडी होते. दूध आणि शिजवलेलं अन्न मात्र रात्रभर कोमट होत राहतं.

आणि एक कळकळीची सूचना. ‘कॉम्प्रेसर गेला’ हे ऐकून लगेच नवा बसवू नका. अनेकदा नुसता मोटार सुरू करून देणारा रिले किंवा ओव्हरलोड प्रोटेक्टर गेलेला असतो, आणि तो भाग कॉम्प्रेसरच्या मानानं फारच स्वस्त असतो. कॉम्प्रेसरला तीन पिना असतात : कॉमन, स्टार्ट आणि रन. मेकॅनिकला त्या तुमच्यासमोर मीटरनं तपासायला सांगा. कॉमन ते स्टार्ट आणि कॉमन ते रन या दोन रोधांची बेरीज ही स्टार्ट ते रन या रोधाएवढी आली, आणि कुठलीच पिन बॉडीला लागत नसली, तर वाइंडिंग शाबूत आहे. मग रिले आणि प्रोटेक्टर बदलून बघायला सांगा.

पुढे काळजी कशी घ्यायची? स्टॅबिलायझर घेतलात तर त्यात टाइम डिले आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. तो लाइट आल्यावर तीन-एक मिनिटं थांबूनच फ्रिजला वीज देतो. स्टॅबिलायझर नसेल तर लाइट गेल्याबरोबर फ्रिजचं बटण बंद करा आणि लाइट स्थिर झाल्यावर पाच मिनिटांनी लावा. एसीलाही हेच लागू. लाइट परत येतानाचे पहिले काही क्षण व्होल्टेज वरखाली होत असतं, तेही यानं चुकतं.

प्रश्न : विहिरीवर आमची 5 एचपीची मोटार आहे. शेतीची लाइट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री उसातून जायचं म्हणजे सापाची भीती, आता बिबट्याचीही. म्हणून ऑटो स्विच बसवलाय. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. आमच्या डीपीवर दहा मोटारी आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना ऑटो आहे. डीपी वर्षात दोनदा जळाली. वायरमन म्हणतो ऑटो काढा. एवढ्याशा स्विचनं डीपी जळते का? आणि रात्रीत चार-पाच वेळा लाइट जाऊन आली तर मोटारीला त्रास होतो का?
– एक शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : दादा, वायरमन म्हणतो ते खरं आहे. पण अंधारात उसातून चालत जायला सांगणं हे त्यावरचं उत्तर नव्हे. स्वतःचा जीव सांभाळूनही डीपी वाचवता येते.

आकडे मांडून बघू. 5 एचपीची थ्री-फेज मोटार नीट चालू असताना साधारण साडेसात अँपिअर घेते. दहा मोटारींचे झाले 75 अँपिअर. तुमची डीपी 63 केव्हीएची असेल तर तिची क्षमता सुमारे 84 अँपिअरची. म्हणजे दहाही मोटारी चालू असल्या तरी डीपी तग धरते. पण मोटार सुरू होताना पाच ते सात पट प्रवाह घेते. उसानं भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैलांना जो जोर लावावा लागतो तो चालत्या गाडीला लागत नाही, तसंच हे. सहा पट धरली तर एका मोटारीचे 45 अँपिअर. दहाही जणांचे ऑटो एकाच क्षणी लागले की 450 अँपिअरची मागणी. 84 च्या डीपीवर!

एवढा प्रवाह डीपी देऊच शकत नाही, म्हणून व्होल्टेज कोसळतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज 80 टक्क्यांवर आलं तर जोर 64 टक्केच उरतो. मग ज्या मोटारीनं एक-दोन सेकंदांत वेग घ्यायचा, ती रेंगाळत राहते आणि तेवढा वेळ सहा पटीच्या आसपासचा प्रवाह खेचत राहते. डीपी तापते, तिचे फ्यूज उडतात. कोणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार घालतं, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डीपीचं वाइंडिंग जळतं. रात्रीत पाच वेळा लाइट गेली तर हे सगळं पाच वेळा होतं.

मोटारीचं काय होतं ते आमच्या दुकानातल्या टेबलावर दिसतं. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे सहा पट प्रवाहाला छत्तीस पट. एकदा सुरू झाली तर काही बिघडत नाही, कारण दोन सेकंदांत प्रवाह उतरतो आणि मोटार ती उष्णता जिरवते. पण ती जिरायच्या आत परत, मग परत असं झालं की उष्णता साठत जाते. तारेवरचं एनॅमल आणि स्लॉटमधला लेदरॉइड कागद करपायला लागतो. वाइंडिंग सोसतं त्याच्या वर दहा अंश तापलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. शिवाय सुरुवातीच्या त्या प्रवाहानं कॉइलची स्लॉटबाहेरची डोकी हिसके खातात आणि एकमेकांवर घासतात. तासाला किती वेळा मोटार सुरू केलेली चालते हा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. तो काढून स्टार्टरच्या पेटीवर आतून चिकटवून ठेवा.

सारखं चालू-बंद होणं सोसेल अशी मोटार बनवता येत नाही असं नाही. आमच्या इचलकरंजीत यंत्रमागावर धागा तुटला की माग थांबतो, धागा जोडला की लगेच सुरू. त्यासाठी मागाच्या मोटारी मुळातच तशा घडवलेल्या असतात, सुरुवातीला भरपूर जोर देणाऱ्या आणि वारंवार सुरू होणं सोसणाऱ्या. तुमच्या पंपाची मोटार त्या कामाची नाही.

पण दादा, खरं सांगते, दुकानात जळून येणाऱ्या पंपांच्या मोटारींचा सर्वांत मोठा शत्रू वेगळाच आहे. एक फेज जाते आणि दोनच उरतात. ऑटो स्विच साधा असेल तर त्याला हे कळत नाही, तो मोटार लावून देतो. दोन फेजवर मोटार फिरत नाही, फक्त घुमत राहते आणि जळते. अशी स्टारमध्ये जोडलेली मोटार मी उघडली की लगेच ओळखते. दोन फेजच्या कॉइली काळ्याकुट्ट, तिसरीच्या कोऱ्या करकरीत. म्हणून स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटार बंद करणारा भाग, आहे आणि तो चालू आहे, हे आधी बघा. कोणी तो काढून तार थेट जोडलेली असेल तर ती जोडणी आजच बदलून घ्या.

यावर उपाय टायमरचा आहे. वेळ लावता येईल असा ऑटो मिळतो. डीपीवरच्या दहाही जणांनी एकदा बसून वेळा वाटून घ्या. लाइट आल्यावर पहिल्याची मोटार एका मिनिटानं, दुसऱ्याची दीड मिनिटानं, तिसऱ्याची दोन मिनिटांनी, असं करत दहाव्याची साडेपाच मिनिटांनी लागेल. एक मोटार वेग घेऊन 45 वरून साडेसातवर आली की मगच पुढची लागते. शेवटच्या माणसाचं पाणी पाच मिनिटं उशिरा सुरू होतं, एवढाच त्याग. याच्या जोडीला प्रत्येकानं मोटारीच्या एचपीप्रमाणे कॅपॅसिटर बसवला तर डीपीवरचा चालू भारही हलका होतो. महावितरण ऑटो काढा आणि कॅपॅसिटर लावा असं आवाहन करत असतं, ते या कारणासाठी. दहापैकी एकानंही जुना ऑटो तसाच ठेवला तरी फारसं बिघडत नाही. पण सात-आठ जणांनी ठेवला तर उरलेल्यांच्या टायमरचा काही उपयोग नाही. म्हणून एकट्यानं टायमर आणू नका, बैठक घ्या.

बोअरमध्ये सबमर्सिबल असलेल्यांसाठी एक जादा गोष्ट. मोटार बंद झाली आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असला, तर पाइपातलं पाणी खाली येताना पंप उलटा फिरवतं. त्याच वेळी वीज आली तर उलट्या फिरणाऱ्या शाफ्टला एकदम सुलट जोर बसतो. शाफ्ट पिळला जातो, कधी कपलिंग तुटतं. तिथेही दोन-तीन मिनिटं थांबण्यानं फायदाच होतो.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक माहिती आली आहे. अमेरिकेत एक बल्ब 1901 पासून जळतोय, कारण तो कधी बंदच केला नाही. मग दिवे चालू ठेवणंच योग्य ना?
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : बल्ब खरा आहे. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात तो आहे, आणि मधले थोडे खंड सोडले तर 1901 पासून तो जळतो आहे. कारण मात्र चुकीचं जोडलेलं आहे. त्याची तार टंगस्टनची नाही, कार्बनची आहे. थंड कार्बनचा रोध तापलेल्या कार्बनपेक्षा जास्त असतो, म्हणजे टंगस्टनच्या बरोबर उलट. त्यामुळे वर सांगितलेला पहिल्या क्षणाचा प्रवाहाचा लोंढा त्यात येतच नाही. तो टिकला आहे तो अगदी मंद जळतो म्हणून. त्याचा उजेड आता जेमतेम 4 वॅटच्या बल्बाएवढा आहे. कमी तापलेली तार हळू झिजते. त्या उजेडात तुला अभ्यास करता येणार नाही.

हा प्रयोग करून बघ. शाळेच्या प्रयोगशाळेत मल्टिमीटर असेल तर शिक्षकांसमोर, होल्डरमधून काढलेल्या 60 वॅटच्या थंड बल्बचा रोध मोज. साठच्या आसपास ओहम येईल. मग 230 चा वर्ग भागिले 60 करून तापलेल्या बल्बचा रोध काढ. तो 880 च्या जवळ येतो. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिही. टंगस्टन तापल्यावर काय होतं ते तुला कुठल्याही मेसेजशिवाय कळेल.

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवतो. म्हणतो, बंद-चालू केल्यानं हार्ड डिस्क जाते. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रोज रात्री बंद करायला काहीच हरकत नाही. हार्ड डिस्कबद्दल 2007 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी त्यांच्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दोन वर्षांपर्यंतच्या डिस्कमध्ये चालू-बंद होण्याचा आणि बिघाडाचा लक्षात येण्याजोगा संबंध त्यांना दिसला नाही. तीन वर्षं आणि त्यापुढच्या डिस्कमध्ये थोडा दिसला. पण त्यांनीच असंही नोंदवलं, की बिघडणारी यंत्रं दुरुस्तीसाठी जास्त वेळा बंद करावी लागतात, म्हणून कदाचित तसं दिसत असेल. आणि हल्लीच्या एसएसडीमध्ये तर फिरणारी तबकडीच नसते.

मुलाला एका बाबतीत मात्र जपायला सांगा. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये मोठे कॅपॅसिटर असतात. बटण दाबलं की ते भरण्यासाठी क्षणभर फार मोठा प्रवाह धावतो. त्याला आवर घालण्यासाठी बऱ्याच सप्लायमध्ये एनटीसी थर्मिस्टर असतो. गार असताना त्याचा रोध जास्त, म्हणून तो लोंढा अडवतो. तापल्यावर त्याचा रोध कमी होतो, म्हणजे चालू कामात त्याची अडचण नको. आता कॉम्प्युटर हँग झाला म्हणून मुलानं बोर्डावरचं बटण बंद करून दहा-पंधरा सेकंदांनी परत लावलं, तर थर्मिस्टर अजून गरम असतो आणि कॅपॅसिटर बरेचसे रिकामे झालेले असू शकतात. लोंढा अडवायला कोणी नाही. फ्यूज किंवा रेक्टिफायर जातो तो अशा वेळी. कॉम्प्युटरच्या मेनूतून रीस्टार्ट करावं. बोर्डावरूनच बंद करायची वेळ आली तर दोन-तीन मिनिटं जाऊ द्यावीत.

प्रश्न : रात्री टीव्हीचं बटण बोर्डावरून बंद करावं की रिमोटनं? सेट-टॉप बॉक्सचं काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही बोर्डावरून बंद करा. टीव्ही रिमोटनं बंद केला तर वॅटभर किंवा त्याहूनही कमी वीज घेतो, ती सोडून दिली तरी चालेल. पण अनेक सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंद केल्यावरही जवळजवळ चालू असताना लागते तेवढीच वीज घेत राहतात. 10 वॅटचा बॉक्स महिनाभर लावून ठेवला तर 7.2 युनिटं होतात. दिवसातून एकदा बोर्डावरून बंद केल्यानं तो बिघडत नाही. हात लावून बघा, रात्रभर गरम राहणं त्याला जास्त जाचक आहे.

प्रश्न : घरी थ्री-फेज मीटर आहे. हल्ली मिक्सर लावला की स्वयंपाकघरातला दिवा मंद होतो आणि हॉलमधला एकदम प्रखर. बंद केला की दोन्ही पूर्ववत. गीझरचं बटण दाबतानाही ठिणगी दिसते. सारखं चालू-बंद केल्यानं वायरिंग खराब झालं असेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हे पत्र मी मुद्दाम या अंकात घेतलं, आणि उत्तर तुम्हाला आधीच फोननं कळवायला संपादकांना सांगितलं. इतर कोणाच्या घरी असं होत असेल तर त्यांनीही लक्ष द्यावं.

ठिणगीचं साधं आहे. गीझर 2000 वॅटचा असेल तर साधारण 8.7 अँपिअर घेतो. तो 6 अँपिअरच्या बटणावर असेल तर बटण जळणारच. 16 अँपिअरचं बटण आणि त्याला शोभेल अशी जाड तार घालून घ्या. बटण 16 चंच असून ठिणगी बाहेर दिसत असेल किंवा चरचर आवाज येत असेल, तर आतले संपर्क झिजलेत, बटण बदला.

दिव्यांचं मात्र गंभीर आहे. एका जागी भार वाढल्यावर दुसरीकडचा दिवा प्रखर होणं, हे न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामायिक परतीची तार, ढिली झाल्याचं लक्षण आहे. तुमच्या बटणं दाबण्याशी त्याचा संबंध नाही. तीन फेजचा समतोल न्यूट्रलवर टिकतो. ती पूर्ण सुटली, तर ज्या फेजवर भार कमी, तिथल्या वस्तूंना 230 ऐवजी 300 किंवा त्याहून जास्त, पार 400 च्या जवळपास व्होल्टेज मिळू शकतं. टीव्ही, राउटर, एलईडी सगळं एका झटक्यात जातं, आणि आग लागू शकते.

मेन स्विच बंद करा. ढिला सांधा मीटरच्या आधी खांबावर असू शकतो, म्हणून 1912 वर तक्रार नोंदवा, आणि मीटरनंतरचे सांधे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. स्वतः हात घालू नका. काम होईपर्यंत टीव्ही, फ्रिज, राउटर यांचे प्लग काढून ठेवा. काम झाल्यावर वायरमनला मिक्सर चालू ठेवून तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज मोजायला लावा. तिन्ही ठिकाणी 230 च्या आसपास आकडा मीटरवर तुम्ही स्वतः बघा, मगच प्लग लावा.